मिटलेली प्रत

परवा एस.टी. स्टँडवर एका अनोळखी, म्हाताऱ्या गृहस्थांनी मला हाक मारली. "तुम्ही मास्तरांचे चिरंजीव ना? चालण्यावरून ओळखलं." साठी उलटली तरी लोक मला असे वडिलांवरूनच ओळखतात. आईवरून आजवर कोणी ओळखलं नाही. ती होतीही अबोल.

माझी भाची कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिला फोनवर हे सांगितलं, तर ती हसली. "चालण्याचं मला माहीत नाही, मामा. पण काही जनुकांचं असंच असतं. एक प्रत आईची, एक वडिलांची. पेशी मात्र वडिलांचीच वाचते. आईची तिथेच असते, मिटलेली."

ऐकून बरं वाटलं. नवी पेशी होताना त्या न वाचलेल्या प्रतीचीही नक्कल होते म्हणे. म्हणजे इतकी वर्षं आई माझ्यात उतरवली जाते आहे, एक अक्षर न बोलता. घरात वावरायची तशीच.

"आणि गंमत म्हणजे," भाची सांगत होती, "तीच प्रत तुझ्या मुलाकडे गेली असती, तर तिथे ती वडिलांकडून आलेली ठरली असती. मग उघडली असती." एवढं बोलून ती एकदम थांबली. मी लग्न केलेलं नाही, हे तिला बोलता बोलता आठवलं असावं.

संध्याकाळी दूध आणायला निघालो. रस्त्यात कोणी नव्हतं. म्हटलं, आज आईसारखं चालून पाहावं. दहा पावलं गेलो आणि थांबलो. आई कशी चालायची, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.