घोडीच्या कानांकडे बघणारी

धसईहून मुरबाडला जाताना रस्त्याला लागूनच तिचं घर आहे. लग्नाच्या वरातींना ती घोडी घेऊन जाते. वय साठीचं, पण एका जागी बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. चहासुद्धा उभ्यानंच, या पायावरून त्या पायावर भार देत पिते. बापाच्या घोड्यांमध्ये वाढली. घोड्याची शेपूट धरून चालायला शिकले, असं सांगते. बोलते आपल्याशी, नजर मात्र घोडीच्या कानांवर. मधेच "उगी गो" म्हणते, ते आपल्यासाठी नसतं.

माझ्या पुतण्याच्या वरातीत तिचीच घोडी होती. पोरांनी डीजे अगदी जवळ आणला आणि फटाक्यांची माळ पेटवली. घोडी जागच्या जागी थरथरू लागली. हिनं दोनदा हात जोडले. तरी दुसरी माळ लागली, तशी ती नवरदेवाला म्हणाली, "उतर रे बाबा. तुला पाय हायेत."

तो भर रस्त्यात उतरला. माझा भाऊ ओरडला, "तालुक्यात परत कोण बोलवतो तुला, बघतोच!"

"नका बोलवू," म्हणत ती घोडी घेऊन शेताच्या बांधानं निघाली. मी तिथंच होतो. एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. ती घोडीच्या मानेवरून हात फिरवत होती. चारा तसाच पडला होता.

"माजी नाय," ती म्हणाली. "तिची मागा."

मी पुढे झालो. घोडी दोन पावलं मागे सरली.