मंदाबाईंच्या घरातला मोह

मंदाबाई कुठल्याच भांड्यावर झाकण ठेवत नसत. भात असो, वरण असो की शिजायला वेळ घेणारं गावरान कोंबडं, सगळं उघड्यावर रटरटत असायचं. गॅस उगाच जातो, वरून पाल पडेल, असं शेजारणी किती वेळा सांगायच्या. मंदाबाईंचं उत्तर ठरलेलं असे, "दिसलं पायजे बाई, आतमंदी का होऊन राह्यलं ते."

सावली गावच्या सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले आणि मंदाबाईंच्या घरामागची खोली मला भाड्याने मिळाली. पन्नाशीला टेकलेली, उंच, हाडापेराने मजबूत बाई. मुलगी लग्न होऊन नागपूरला. घरात त्या आणि त्यांचे यजमान देवाजीभाऊ, दोघंच. देवाजीभाऊ राईस मिलमध्ये मशीनवर होते. जिल्ह्यात दारूबंदी होती, पण ती दुकानांपुरती. देवाजीभाऊ रोज संध्याकाळी पिऊन येत. आरडाओरड नाही, मारझोड नाही. येत आणि भिंतीकडे तोंड करून झोपून जात. जेवत नसत. मंदाबाई त्यांचं ताट वाढून ठेवत आणि सकाळी तेच शिळं अन्न स्वतः खात. त्याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "माह्या हाताची चव त्याले माहीतच नाई, बाई."

लॉकडाऊन लागला आणि मी जेवत असे ती खानावळ बंद झाली. मंदाबाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. माझं ताट स्वयंपाकघरात मांडलं आणि म्हणाल्या, इथंच जेवत जा, दोन पोळ्यांनी काय होतं. थोड्याच दिवसांत बाजार बंद पडला. भाजीवाले येईनात. दुकानात साखर मिळाली तर तेल मिळेना. पण घरात मोहफुलं होती. ते दिवस मोहाचेच. बांधावरच्या झाडांखाली पहाटे पडलेली फुलं बायका वेचून आणत, छपरावर वाळवत आणि व्यापाऱ्याला घालत. त्या वर्षी व्यापारी आलाच नाही. मंदाबाईंच्या आतल्या खोलीत पोती भिंतीला लागून राहिली आणि सगळं घर त्या गोड, जड वासाने भरून गेलं.

मग मंदाबाईंचे प्रयोग सुरू झाले. मोहफुलं भाजून, कुटून कणकेत मिसळली आणि त्याच्या भाकरी केल्या. लाखोरीच्या डाळीबरोबर शिजवून पुरण केलं. तांदळाची खीर मोहाच्या पाकात केली. एखादा पदार्थ फसला की त्या तो आधी स्वतः खात, मग आम्हाला वाढायचा की नाही ते ठरवत. दवाखान्यातून मी रोज भीती घेऊन परत येत असे. दारात आंघोळ करून आत गेलं की समोर काहीतरी नवीन असे, आणि मंदाबाई माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या असत.

पण त्या घरातली भीती वेगळीच होती. रस्त्यांवर नाके लागले आणि चोरून येणारी दारू थांबली. देवाजीभाऊंनी साठवलेली एक-दोन दिवसांत संपली. त्यांचे हात थरथरू लागले. कपातला चहा बशीत सांडू लागला. घामाने सदरा भिजे आणि ते दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत. एका सकाळी मी पाणी भरत असताना त्यांचा आवाज ऐकला. ते ओरडत नव्हते, गयावया करत होते.

"तुले येते ना मंदे. घरात माल पडून आहे. एक डाव काढ. मी मरून राह्यलो."

मंदाबाईंनी भाकरी उलटली. 

त्यांना काय येतं, ते मला त्याच आठवड्यात कळलं. माझ्या मोबाइलवर कुकरमधल्या केकचा व्हिडिओ बघून मंदाबाईंनी केक करायचं ठरवलं होतं. साखरेऐवजी मोहाचा पाक घातला. कुकरच्या तळाला मीठ पसरून डबा आत ठेवला आणि झाकण न लावताच त्या बसून राहिल्या. मी कितीदा सांगितलं, झाकणाशिवाय केक फुगणार नाही. त्या ऐकेनात. शेवटी केक खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. मी वैतागून विचारलं की झाकणाशी एवढं वाकडं काय आहे.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर नदीपलीकडे, गडचिरोलीच्या पुढे धानोऱ्याच्या रस्त्यावर. बाप लवकर गेला. आई मोहाची दारू गाळून घर चालवायची. मडक्यावर मडकं ठेवून सांधे मातीने लिंपायचे आणि खाली जाळ घालायचा. लहानग्या मंदेला त्या बंद मडक्यांपाशी बसवलेलं असे. जाळ मोठा झाला तर फुटेल ही धास्ती, आणि कुत्रं भुंकलं तर पोलीस आले ही धास्ती. तिथेच ती सगळं शिकली. गावातली माणसं आपल्या दारात पिऊन पडलेली तिने बघितली. त्यांच्या बायका आईला शिव्या घालायला येत, त्यांची तोंडंही तिला आठवत होती. लग्न झालं तेव्हा तिने ठरवलं होतं, हे पुन्हा करायचं नाही. "अन् नवरा असा भेटला," एवढं बोलून त्या करपलेल्या केकची कड सुरीने काढू लागल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीतला एक माणूस आला. पूर्वी तो गुपचूप दारू विकायचा. ओसरीवर बसून अगदी समजुतीने बोलला. गूळ माझा, भांडी माझी, तुम्ही फक्त हात लावा. तुमच्या माणसाचे हाल बघवत नाहीत, थोडी पोटात गेली की बरा होईल. देवाजीभाऊ दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत मी जी आशा बघितली, ती आजही विसरता येत नाही. मंदाबाईंनी त्या माणसाला खिरीची वाटी दिली. म्हणाल्या, माझ्या घरात मोहाचं एवढंच बनतं. त्याने वाटी तशीच ठेवली आणि तो निघून गेला.

त्यानंतर देवाजीभाऊंना भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. नसलेल्या मुंग्या ते हाताने झटकत. मी दवाखान्यात चला म्हणत होते. तिकडे नेलं की कोरोना म्हणून कोंडून ठेवतात, या भीतीने ते हलायला तयार नव्हते. आणि एका दुपारी ताटावर बसलेले असतानाच त्यांचे डोळे वर गेले, दातखीळ बसली आणि सगळं अंग झटके देऊ लागलं. मंदाबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. आसपासच्या घरांची दारं आधी किलकिली झाली, मग बंद झाली. गाडी येईपर्यंत आम्ही दोघी त्यांना कुशीवर धरून बसलो होतो.

डॉक्टरांनी सांगितलं की रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की असं होतं, जीवही जाऊ शकतो. औषधं सुरू झाली. मंदाबाई व्हरांड्यात तोंडाला पदर बांधून उभ्या होत्या. मी जवळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "मी काढून देली असती त हे झालं नसतं ना?"

मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, कदाचित नसतं झालं. त्यांनी मान हलवली. पुढे कितीतरी वेळ त्या खिडकीतून आत, देवाजीभाऊंच्या खाटेकडे बघत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी काही खाल्लं नाही.

देवाजीभाऊ वाचले. घरी आले तेव्हा निम्मे झाले होते. आता सुटलं, असं मला वाटलं. पण काही दिवसांनी मागच्या न्हाणीतून आंबूस वास येऊ लागला. मंदाबाईंनी माझ्या आधी ओळखला. सरपणामागे, पोत्याखाली डबा होता. त्यात गूळ घालून भिजवलेली मोहफुलं फसफसत होती. मंदाबाईंनी तो उचलला तसे देवाजीभाऊ धावत आले आणि त्यांनी डब्याची दुसरी कड धरली. दोघं नवरा-बायको तो डबा धरून समोरासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता हात उठणार.

मंदाबाई अगदी हळू बोलल्या. "मले येते, हे खरं आहे. मी तुले आता काढून देईन अन् तू पिशील. मंग तू मेला त म्या मारला, असं मी समजीन. सांग, काढू?"

 बऱ्याच वेळाने देवाजीभाऊंनी डब्यावरचा हात सोडला. मंदाबाईंनी डबा नालीत ओतला आणि राखेने घासायला बसल्या. 

तिथून पुढे देवाजीभाऊ जेवू लागले. आधी दोन घास, मग भाकरी, मग मागून वाढ. मिल बंद, जायला जागा नाही, म्हणून ते चुलीपाशी बसत. लसूण सोलत, मोह निवडत. मीठ कमी आहे म्हणून पहिल्यांदा तक्रार केली, तेव्हा मंदाबाई हसल्या. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मिल सुरू झाली तरी ते दुपारी जेवायला घरी येत. वर्षभर असं चाललं.

पुढच्या वर्षी जिल्ह्यातली दारूबंदी उठली. गावात दुकान उघडलं. सुरुवातीला देवाजीभाऊ तो रस्ता टाळून मिलमध्ये जात. मंदाबाई रोज संध्याकाळी दारात उभ्या राहून त्यांची चाल बघत. पोळा होऊन गेला आणि एका संध्याकाळी ती चाल बदललेली दिसली. त्यांनी ताट वाढलं आणि सांगितलं की आज जेव, उद्या असा आलास तर मी भावाकडे जाईन. दुसऱ्या दिवशीही ते तसेच आले. सकाळच्या बसने मंदाबाई एक पिशवी घेऊन निघून गेल्या. मला वाटलं, आठवड्यात येतील. त्या आल्या नाहीत.

माझी बदली झाली तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. माहेरच्या गावाच्या टोकाला, जंगलाला लागून भावाचं घर. अंगणात वेगळी चूल मांडून त्या राहत होत्या. मला घरात नाही, तिथेच चुलीपाशी बसवलं. मी मनातलं विचारून टाकलं. एवढं सगळं केलंत, शेवटी वायाच गेलं ना?

"वाया काऊन जाईन?" त्या म्हणाल्या. "वरीसभर माहा नवरा माह्यासंगं जेवला. तेवढं त झालं ना."

मग त्यांनी सांगितलं की देवाजीभाऊ दर बाजाराच्या दिवशी येतात. न पिता आलास तर जेवू घालीन, हे त्यांनी बजावलं होतं. कधी ते येतात, कधी येत नाहीत. आले की जेवतात आणि संध्याकाळच्या बसने परत जातात. एकदा पिऊन आले होते, तेव्हा फाटकातूनच त्यांना परत पाठवलं. मी गेले त्या दिवशीही बाजार होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. परातीत पीठ काढलेलं होतं, पण मळलेलं नव्हतं.

बसचा आवाज आला. मंदाबाई उठून फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मीही मागे गेले. सडकेवर धूळ उडाली, बस पुढे गेली आणि एक माणूस उभा दिसला. तो इकडे चालू लागला. तोंड दिसत नव्हतं, एवढ्या लांब होता. मंदाबाई त्याच्या पायांकडे बघत होत्या. 

"पाय सरळ पडून राह्यले," त्या म्हणाल्या, आणि पीठ मळायला वळल्या.