पाणी झोपलं की लिंक पडते

“काय साहेब, तिसरी बॅटरी आणली का?” मी बोटीतून उतरायच्या आतच सविताताईंनी विचारलं. त्या पाड्यावरच्या आशा कार्यकर्त्या. टोमणा मला चांगलाच झोंबला, कारण खोक्यात खरंच बॅटरीच होती.

मी ट्रान्समिशन इंजिनीअर, मूळचा रनाळ्याचा. मणिबेलीच्या अलीकडे, नर्मदेच्या काठावरच्या या पाड्यावर आमच्या कंपनीनं फोर-जी टॉवर उभा केला होता. टॉवरला दोन कामं असतात. गावातल्या मोबाइलचं बोलणं पकडायचं, आणि ते पुढे पोचवायचं. डोंगरात केबल नाही, म्हणून दुसरं काम एक गोल डिश करते. पाण्यापलीकडच्या डोंगरावर तशीच दुसरी डिश आहे. दोघी एकमेकींकडे सरळ रेषेत तोंड करून असतात. या जोडीला आम्ही लिंक म्हणतो. लिंक पडली की मोबाइलवर रेंज फुल दिसते, पण कॉल काही जात नाही. लोक बिचारे फोन आपटत बसतात.

पावसाळा सरत आला तशी ही लिंक रोज सकाळी पडायला लागली. साइट सोलरवर चालते. मग ऑफिसनं बसल्या जागी निदान केलं, की रात्रीतून बॅटरी उतरत असणार. दोनदा बदलली. आम्ही बोटीनं पोचायचो दुपारी, तोवर सगळं झकास चाललेलं. रिपोर्टवर ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहायचं आणि परत फिरायचं.

“दुपारचं मला काय करायचंय?” ताई म्हणाल्या. “जिंदाला नववा लागलाय. पहिलटकरीण आहे, डॉक्टरीणबाईंनी धोका सांगितलाय. कळा सुरू झाल्या तर दवाखान्याची बोट फोनवरूनच बोलवायची ना? मागे एका बाईसाठी मी उजाडल्यापासून फोन लावत होते. लागला दुपारी. ती वाचली हे नशीब.”

मी म्हटलं, “ताई, आज मुक्कामच करतो. सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो.”

उजाडताच टॉवरखाली मीटर लावून बसलो. बॅटरी ठणठणीत. पण पलीकडून येणाऱ्या सिग्नलचा जोर घसरत घसरत गेला आणि लिंक पडली. माझा रिगर, म्हणजे टॉवरवर चढणारा गडी. नाव पोपट, गाव कोरीट. तो वरून ओरडला, “साहेब, डिश ते एकदम टाइट शे!”

बोटवाले खात्र्यादादा शेजारी दातण चावत उभे होते.

“पाणी झोपलंय ना अजून,” ते म्हणाले. “पाणी झोपलं की फोन बी झोपतो. वारा आला, पाणी हाललं, की उठतो.”

“अहो दादा, मग इतके दिवस सांगितलं का नाही?”

“तुम्ही बॅटरीचंच विचारलं.”

मी कपाळाला हात लावला. टॉवरच्या जागेचा सर्व्हे आम्ही केला होता मे महिन्यात. तेव्हा पाणी पार खाली, मधे नुसते खडक. आता जलाशय भरला होता. निवांत पाणी म्हणजे आरसा. डिशचा सिग्नल एक सरळ जातो, दुसरा पाण्यावर आपटून जातो. दोन्ही उलट्या तालात पोचले की एकमेकांना मारून टाकतात. वारा सुटला की आरसा मोडतो आणि लिंक उठते. आम्ही येईपर्यंत रोज वारा सुटलेला असायचा!

ऑफिसातल्या माझ्या साहेबांना फोन लावायलाही वाऱ्याची वाट बघावी लागली.

“सर, डिश सहा मीटर खाली घेतो.”

“खाली? अरे, लिंक पडते म्हटल्यावर वर घेतात!”

“वर घेतली तर आणखी पाणी दिसेल. खाली घेतली तर समोरची टेकडी पाणी झाकते, पलीकडची डिश मात्र दिसते.”

“आणि नाही चालली तर?”

“तर मग तुमच्या शिव्या माझ्यापर्यंत पोचायच्या नाहीत, सर.”

ते हसले. मी तेवढ्यालाच परवानगी धरली.

“हाई ते उलटंच काम व्हई ऱ्हायनं,” असं पुटपुटत पोपटनं संध्याकाळपर्यंत डिश खाली उतरवून बसवली.

दुसऱ्या सकाळी पाणी ताटासारखं सपाट. मी मीटर उघडतोय तोच सविताताई धावत आल्या. “जिंदाच्या कळा सुरू झाल्या!” त्यांनी तिथंच फोन लावला. मीटरकडे बघायचं धैर्यच होईना.

“हॅलो? हां, मी सविता. बोट पाठवा, लगेच!”

“लागना, साहेब, लागना!” पोपट ओरडला. त्याच्या अहिराणीत ‘लागना’ म्हणजे लागला. मी मटकन त्या बॅटरीच्या खोक्यावरच बसलो. इतकं हलकं मला नोकरी कायम झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

बोट वेळेत आली. मुलगी झाली, मायलेकी सुखरूप. बॅटरी परत आणून स्टोअरला जमा केली.

आमच्या सर्व्हेच्या फॉर्मात रस्ता, वीज, जागामालक, सगळ्याचे रकाने आहेत. मी तळाशी पेनानं एक ओळ वाढवतो, ‘बोटवाल्याला विचारलं का?’ साहेब म्हणतात, फॉर्म बदलायला मंजुरी लागते. लागू दे. मी दर वेळी लिहितो.