टोपीवरचा पोचा

अकोल्याच्या संग्रहालयात काचेमागं आमच्याच घरून दिलेली लोखंडी टोपी दिसली अन् तो पोळा आठवला. थोरला भाऊ ब्रह्मदेशातली लढाई करून आलेला. त्याच्या ह्याच फौजी टोपीत माही बायको बैलायले सरकी चारत होती. वेशीवर पोळ्याचं तोरण तुटलं, फटाके फुटले अन् भाऊ "जपानी आले!" ओरडत कुऱ्हाड घेऊन माह्यावर धावला. बायकोनं सरकीसकट टोपी माह्या डोक्यावर पालथी घातली. घाव टोपीवर बसून पोचा पडला, माह्या कानातून रक्त आलं. ज्या थोरल्या दिरापुढं तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं, त्याच्या तिनं थोबाडीत मारली. "काहून मारता? तुमचा भाऊ हाय तो!" भाऊ मातीत बसून रडला. आता काचेखाली लिहिलंय, पोचा शत्रूच्या गोळीचा. बायको जिवंत असती, तर ही काच तिनं फोडली असती.