लीड्सच्या घरी आलेली अक्का

कोल्हापुरात आज ट्रंक उघडली आणि जुन्या लोकरी स्वेटरच्या वासासरशी मला लीड्सचं स्वयंपाकघर आठवलं. इंग्लंडच्या उत्तरेतलं माझं ते घर ऐसपैस होतं, मागं बागही होती. थोरली बहीण, अक्का, दक्षिणेत लंडनला राहायची. पगार मोठा, पण नवराबायको एका खोलीत.

ती पहिल्यांदा आली तेव्हा खिडकीतून बाग बघताना तिचे डोळे भरले. मी ओशाळून म्हणाले, "अक्का, तुमचंबी होईल की मोठं घर."

"माझं न्हाय गं, तुझंच वाईट वाटतंय. या बंद गिरण्यांच्या गावात पोरं मोठी होऊन करणार काय?"

इतके दिवस मीच तिची कीव करत होते. आमच्यात सुखी कोण होतं, ते मला आजही सांगता येत नाही.