हौसा शांत नव्हती

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. मुलापाशी नाही, भावापाशी नाही. जिच्यापाशी बोलायला पाहिजे होतं, तिच्यापाशी तर नाहीच.

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते पावटे सोलायचं. मोशीच्या फ्लॅटच्या गॅलरीत, दुपारचे, मधे परात. मी आणि माझी बायको हौसा. तिनं एक शेंग नखानं फोडली, आत बघितलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं — माझ्याकडं बघितलं — आणि मिटलं. मी काय केलं? पुढची शेंग उचलली. सगळी परात आम्ही मुकाट्यानं सोलली. दुसऱ्या दिवशी ती झोपेतनं उठलीच नाही.

दहाव्याला सोसायटीतली माणसं आली. जो तो एकच बोलत होता. "लई शांत बाई हो, अण्णा." "कधी आवाज ऐकला नाही बघा." माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! कोण शांत? हौसा? अरे, तुम्ही हिची शेवटची सहा वर्षं बघितलीत. चाकणच्या पलीकडं, डोंगरातल्या भातखाचरांत वाढलेली बाई ती. एका बांधावरनं बोलली की तिसऱ्या बांधावर ऐकू जायचं. आमच्या लग्नात माझा मामा मानपानावरनं रुसून बसला, तर नवरी असून ही म्हणाली, "मामा, रुसा, पर जेवून रुसा, उपाशी मानसाला रुसवा पेलत न्हाई." अख्खी पंगत हसली. मामासुद्धा.

अशी बाई आपोआप शांत होते का? तिला करावं लागतं. मी केली.

भोसरीच्या एका कंपनीत मी लेथवर हेल्पर म्हणून लागलो आणि क्वालिटीत, माल तपासायच्या खात्यात, रिटायर झालो. शिक्षण सातवी, पण हातात गेज. गेज जॉबमध्ये, म्हणजे घडवलेल्या तुकड्यात, मापात बसलं तर पास. नाही बसलं तर लाल ठिपका, जॉब बाजूला. माझ्या ठिपक्यावर कोणी बोलायचं नाही. ते गेज मी घरी आणलं. 'हाय काय? आहे म्हण.' 'आमी नव्हे, आम्ही.' पाहुण्यांसमोर, मुलाच्या शाळेत, भाजीवाल्यासमोर. नवा लागलो तेव्हा मी पण तसाच बोलायचो. एकदा सुपरवायझरसमोर 'व्हय' म्हणालो, तर सहा महिने वर्कशॉपमध्ये माझं नावच 'व्हय'. "ए व्हय, पाना आण." त्या सुपरवायझरला मी उलट बोललो का? त्याच्यासमोर मान खाली. जोर सगळा घरी.

तरी हौसा बोलायचीच. मी ठिपके लावायचो आणि ती बोलायची.

मग सहा वर्षांपूर्वी केतकी मॅडम आल्या. पुण्याला कॉलेजात शिकवायच्या. संस्कृत, प्राकृत, आपली मराठी, गुजराती, पिंपरी कॅम्पातले लोक बोलतात ती सिंधी — ह्या सगळ्या एकमेकींच्या कोण लागतात, कशा बदलत बदलत इथवर आल्या, हा त्यांचा अभ्यास. त्याला त्यांना शाळेत न गेलेल्या, जुन्या गावातल्या म्हाताऱ्या बायका पाहिजे होत्या. पाच बैठका घ्यायच्या होत्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. घरात शिकलेला मीच ना?

मॅडम चित्रं दाखवायच्या, कामांची नावं विचारायच्या. हौसा सांगायची. ती सांगून झाली की मी लगेच नीट करून सांगायचो.

"आजोबा, दुरुस्त करू नका ना," मॅडम म्हणाल्या. "मला आजींचंच हवंय."

मग त्यांनी मला समजावलं. संस्कृतात हस्त. प्राकृतात हत्थ. आपल्याकडं हात. मला ते चटकन कळलं. लेथवर जॉब फिरतो, वरचं लोखंड सालीसारखं निघत जातं, आत असतो तो आकार राहतो. हजारो तोंडांतनं फिरून शब्द तसाच घडतो. इथपर्यंत मला आवडलं, खोटं कशाला बोलू? पण पुढं त्या म्हणाल्या, की ह्यात अशुद्ध असं काही नसतं. कार्ल्याच्या लेण्यांत दगडावर कोरलंय तेसुद्धा प्राकृत, तेव्हाचे शहाणे त्यालाही नाकं मुरडत असतील. आजींच्या बोलण्यात काही गोष्टी तुमच्या-माझ्यापेक्षा जुन्या टिकल्यात, म्हणाल्या.

चाळीस वर्षं मी लाल ठिपके लावले, आणि ही कालची पोरगी माझ्या घरात बसून सांगते की माल चांगला होता, गेज चुकलेलं होतं?

मी पुन्हा मधे बोललो. पुन्हा. शेवटी त्या हात जोडून म्हणाल्या, "आजोबा, थोडा वेळ बाहेर बसता का?"

मी खाली पार्किंगमध्ये वॉचमनच्या शेजारी बसलो. माझ्या नावावरच्या फ्लॅटमधनं मला बाहेर काढलं होतं. आणि वरनं हौसाच्या हसण्याचा आवाज येत होता. ते हसणं मी किती वर्षांनी ऐकत होतो? मला बरं वाटायला पाहिजे होतं ना? मला लाज वाटली. नाही — लाज नाही. जळलो मी.

आता सांगतो. इथवर फिरत फिरत आलोच आहे.

मॅडम गुरुवारी पुन्हा येणार होत्या. हौसा तीन दिवस स्वयंपाक करता करता आठवत होती — पेरणीआधी राब कसा भाजायचा सांगितलं, रोपांच्या आवणीचं राहिलं, कापलेल्या भाताच्या उडव्या रचायचं राहिलं. बुधवारी सकाळी मी तिला म्हणालो, "त्या येणार नाहीत. फोन आला होता. तुझं बोलणं वर्गात लावलं, पोरं पोट धरून हसली. बास म्हणाल्या."

फोन आला नव्हता. फोन मी केला होता. "ती नको म्हणते, परत येऊ नका," म्हणून.

हौसानं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "मॅडम बी हसल्या व्हय?"

मी म्हणालो, "हो."

त्यानंतर ती बोलायची, पण कशी? 'चहा झाला आहे.' 'दूध आले नाही.' बसस्टॉपवरची पाटी वाचल्यासारखं. एकही ठिपका लावायला जागा नाही. सहा वर्षं. मॅडमनी त्या बैठकीचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवर पाठवलं होतं, 'आजींना ऐकवा' लिहून. मी ऐकवलं नाही.

दहावा झाल्यावर लावलं. सुरुवातीला सगळा माझाच आवाज. मग खुर्ची सरकते, दार लागतं. आणि हौसा म्हणते, "ह्यांस्नी भाईर बसवलं ते बेस केलं बाई. कंपनीत दुसऱ्याचं तपासून तपासून सवय लागलीय. घरात भाकरी गोल झाली का तेबी बघत्यात." मॅडम हसतात. तिच्याबरोबर हसतात. माझ्या खोट्यातलं तेवढंच खरं निघालं.

आणि मी दहाव्याला त्या माणसांवर चिडलो होतो! शांत बाई, शांत बाई — त्यांच्या तोंडात ते कोणी घातलं? गेटवरच्या फ्लेक्सवर वाचून आले होते ते.

ती गेली त्या सकाळी माझा मुलगा संतोष फोन कानाला लावून माझ्याजवळ आला. फ्लेक्सवाला लाइनवर होता. "अण्णा, आईच्या फोटोखाली काय टाकायचं?" मी गॅलरीत उभा होतो. पावट्याची सालं तशीच परातीत होती. मी म्हणालो, "शांत आणि मितभाषी, असं टाक. शुद्धलेखन बघून घे म्हणावं."

थोड्या वेळानं फ्लेक्सचा नमुना मोबाइलवर आला. मी चष्मा लावला. अक्षर अन् अक्षर तपासलं. आणि संतोषला म्हणालो, "पास."