बंद खिडक्यांचं शिबिर

मला मुलं गप्प बसलेली बघवत नाहीत. शाळेत शिकवते तरीही. वर्ग शांत झाला की बाकीच्या बाई सुटकेचा श्वास टाकतात आणि मी अस्वस्थ होऊन कुणाला तरी उगाचच प्रश्न विचारते. ही खोड मला अलिबागकडच्या उन्हाळी शिबिरात लागली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मे महिन्यात आमच्या समाजाची मुलं सकाळी डबा घेऊन सिनेगॉगच्या पडवीत जमायची आणि संध्याकाळी घरी जायची. कॉलेजात असल्यापासून मी तिथे 'ताई' होते. खेळ घ्यायचे, प्रार्थना आणि गाणी शिकवायची, कुणाचं पोट खरंच दुखतंय आणि कुणाला नुसती आई हवी आहे ते ओळखायचं, हे ताईचं काम. संध्याकाळी जिचा घसा बसलेला नाही ती ताई कामचुकार, असं तिथल्या मोठ्या ताईचं म्हणणं होतं. माझा रोज बसायचा आणि मला त्याचा फार तोरा होता.

आता मी कतारला, दोह्यात राहते. इथे आमच्या समाजाची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जुलैत शाळा बंद होते, विमानं भरभरून लोक गावी जातात, आणि ज्यांना रजा नाही ते मागे उरतात. माझा नवरा इथल्या बंदरावर, हमद पोर्टवर कामाला, त्याला रजा नव्हती. अल दुहैल भागात राहणारी आमच्यातली एक नर्स आहे, तिलाही नव्हती. ती एकदा फोनवर म्हणाली, "पोरांना आपलं काही म्हणजे काहीच येत नाही गं. परवा मलिदा म्हटलं तर मुलगी विचारते, इज दॅट चॉकलेट?" मी लगेच म्हटलं, पाठव, शिबिर घेते. अल सद्दच्या आमच्या फ्लॅटमधल्या हॉलमधले सोफे भिंतीला लावले आणि पाच मुलं गोळा केली. मला जे मिळालं होतं ते या मुलांना निदान आठवडाभर मिळावं, एवढंच मनात होतं.

नवरा म्हणाला, "घे की. फक्त आवाज बेताचा ठेव." अलिबागहून आई म्हणाली, "कुणाला ताकास तूर लागू देऊ नकोस. युद्धाच्या बातम्या बघतेस ना?" बातम्या मी बघत होतेच, नको इतक्या. इथे इतक्या वर्षांत मला कुणी वाकडा शब्द बोललेलं नाही, हे खरं आहे. शाळेत, बाजारात, लिफ्टमध्ये, कुठेच नाही. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं. मग तो भित्रा ज्यू का असेना, ब्रह्मराक्षस त्याला सोडत नाही.

पहिला दिवस झकास गेला. नर्सबाईची मुलगी सात वर्षांची, आवाज कुकरच्या शिट्टीसारखा. शब्बाथचं, म्हणजे आमच्या शनिवारच्या सुट्टीच्या पवित्र दिवसाचं, स्वागत करायचं गाणं मी शिकवायला घेतलं आणि तिने दुसऱ्याच ओळीला घर डोक्यावर घेतलं. बाकीची चारही तिच्यामागे सुटली. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवत त्यांच्याबरोबर ओरडायला लागले. आणि मग माझं लक्ष स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टकडे गेलं. आमच्या इमारतीत सगळ्यांच्या स्वयंपाकघरांचा एकच डक्ट आहे. खाली कुणी सुकट भाजली की ते आम्हाला कळतं. मी म्हटलं, "हळू रे, हळू."

पोरं हिरमुसली. मग मी युक्ती काढली. चला, मुंगीच्या आवाजात गाऊया. ज्याचा आवाज दारापर्यंत पोचेल तो आऊट. मुलांना हा खेळ भयंकर आवडला. एकमेकांच्या तोंडाजवळ कान नेऊन ती गाऊ लागली, आणि मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेतली. मुलांना न रागावता गप्प करता येणं हीसुद्धा ताईची कलाच.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. किराणा घेऊन आलेला माणूस होता. मी नुसतं "टोप्या" म्हटलं आणि प्रार्थनेच्या गोल टोप्या मुलांनी खिशात टाकल्या. पुढच्या बेलला मला म्हणावंही लागलं नाही. त्यांनी त्याचीही शर्यत केली होती. नर्सबाईच्या मुलीने विचारलं, "ताई, इज इट अ सीक्रेट?"

"सीक्रेट नाही गं. आपलं आपल्यात ठेवायचं, एवढंच."

"सेम थिंग," ती म्हणाली आणि चित्र रंगवायला लागली.

मला त्या आठवड्यात एका जागी बसवत नव्हतं. बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, ऊन भाजून काढतं. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून दाराच्या भिंगापाशी, पुन्हा हॉलमध्ये. एसी मोठा केला तर आवाज दबतो म्हणून एसी मोठा केला, तर मुलं गारठली. संध्याकाळी नवरा विचारायचा, कसं झालं शिबिर? मी सांगायचे, छान, आणि माझा घसा एकदम खणखणीत असायचा. त्याचा मला राग यायचा.

शेवटच्या दिवशी मलिदा केला. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं, वरून गुलाबाच्या पाकळ्या. आमच्यात एलियाहू नबींच्या नावाने तो करतात आणि गाणं म्हणून मग वाटतात. खोबरं मुलांनीच पसरलं, निम्मं खाल्लं. ताट मध्ये ठेवून आम्ही गोल बसलो, आणि बेल वाजली.

मी उठेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. दोघांनी दिवाणावरची चादर ओढून ताटावर घातली. टोप्या गेल्या. एकाने टीव्हीवर कार्टून लावलं. नर्सबाईची मुलगी चादरीला टेकून अशी बसली, जणू सकाळपासून तिथेच आहे. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. शाळेच्या आगीच्या ड्रिललाही मुलं इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत.

दारात खालच्या मजल्यावरच्या मुसलमान आजी होत्या, त्यांना सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. मुरुडकडच्या, इथे मुलाकडे राहतात. लिफ्टमध्ये भेटलो की मासळीच्या भावावर बोलायचं, एवढीच आमची ओळख. मी दार अर्धंच उघडलं आणि आवाजाबद्दल माफी मागायला सुरुवात केली.

"आवाज खय गो?" त्या म्हणाल्या. "तेच इचारायला आलंय. पयल्या दिशी केवढा गाणा येत होता डक्टातून, मी भांडी घासत ऐकत होती. मग एकदम बंद. म्हटला, पोरांना ताप-बिप आला की काय."

"नाही खाला, बरी आहेत सगळी."

"बघू," म्हणून त्या मला बाजूला सारून आतच आल्या. गावची बाई, तिला अर्धं दार कळत नाही. मुलं कार्टूनकडे बघत होती. खालांनी नाक वर करून वास घेतला, चादरीकडे पाहिलं.

"मलिदा केलास?"

मी चादरीचं टोक आणखी खाली ओढलं.

"आमच्या वाडीत तुमच्यातल्या तेल्यांची घरां होती, शनवार तेली म्हणायचे त्यांना. शनवारी घाणा बंद ठेवायचे. त्यांचा मलिदा आमच्याकडं यायचा, आमची शिरखुर्म्याची वाटी त्यांच्याकडं जायची. तुझा आडनाव ऐकला तेव्हाच मला कळला, ही त्यांच्यातली." त्यांनी सोफ्यावर बैठक मारली. "तुम्ही आधी काहीतरी म्हणता ना? म्हणा की. पोरांचा गाणा ऐकायलाच आलंय मी."

मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. मी टीव्ही बंद केला, चादर काढली. म्हटलं, "चला, आता मोठ्याने. पहिल्या दिवशीसारखं. छत उडालं तरी चालेल."

मुलं माझ्याकडे बघत राहिली. मग नर्सबाईची मुलगी, तीच कुकरची शिट्टी, अगदी समजावल्यासारखं म्हणाली, "बट ताई, धिस वन वुई ओन्ली नो सॉफ्टली."

खरं होतं. मलिद्याचं गाणं मी त्यांना नंतर शिकवलं होतं, मुंगीच्या आवाजात. मोठ्याने ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. म्हणून मीच सुरुवात केली. अलिबागला हे गाणं माझ्या तोंडून रस्त्यापर्यंत जायचं. आता पहिली ओळ तोंडातल्या तोंडात निघाली. मी घसा खाकरला, पुन्हा धरली, आणि ती पुन्हा तशीच आली. मुलांनी माझ्या आवाजात आवाज मिसळला. सगळी नीट सुरात होती.

खाला पुढे झुकल्या, कानामागे हात धरला. थोडा वेळ तसंच बसून त्या म्हणाल्या, "ऐकू नाय येत गो."